शिक्षा किती? मुदतीविरुद्धच्या अपिलाचा आढावा, धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात

फौजदारी खटल्यात दोषी ठरलेली व्यक्ती वरच्या न्यायालयात जाते तेव्हा तिच्या अपिलात सहसा दोन मागण्या एकापाठोपाठ एक लिहिलेल्या असतात. दोषसिद्धीच रद्द करावी ही पहिली मागणी असते, आणि ती मान्य होत नसल्यास निदान शिक्षा कमी करावी ही दुसरी. पहिल्या मागणीवर साक्षीपुराव्याची चिरफाड होते, पंचनाम्यातील विसंगती दाखवल्या जातात, निवाड्यांचे दाखले दिले जातात. दुसरी मात्र युक्तिवादाच्या अखेरीस चार वाक्यांत उरकली जाते. वास्तविक, कैद्याच्या आणि त्याच्या घरच्यांच्या आयुष्यावर तीन वर्षे आणि सात वर्षे यांतील फरकाचा परिणाम दोषी आणि निर्दोष यांतील फरकापेक्षा फारसा लहान नसतो. शिक्षेच्या मुदतीविरुद्धच्या अपिलाचा कायदा, त्याची मराठवाड्यातील वाट आणि त्यातील अडचणी यांचा येथे आढावा घेतला आहे. हे अपील ज्या माहितीच्या आधारे चालायला हवे ती माहिती खटल्याच्या न्यायालयात गोळाच होत नाही, आणि त्यामुळे वरच्या न्यायालयाच्या हाती मोजमाप म्हणून बहुधा गेलेला काळच उरतो, असे या आढाव्याचे म्हणणे आहे.

आजचा धाराशिव जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानची दंडसंहिता व न्यायव्यवस्था ब्रिटिश हिंदुस्थानापेक्षा वेगळी होती. भारतीय दंडसंहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहिता तेथे १९५१ मध्ये लागू झाल्या. तोवर आणि त्यानंतरही राज्य पुनर्रचनेपर्यंत जिल्ह्यातील अपिलांचा शेवटचा मुक्काम हैदराबाद हाच राहिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि भूम-परांड्याच्या कैद्याचे अपील मुंबईला जाऊ लागले. पुढची पंचवीस वर्षे हीच स्थिती होती. औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश बसू लागले ते २७ ऑगस्ट १९८१ पासून. ती व्यवस्था सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये वैध ठरवली आणि १९८४ मध्ये खंडपीठ कायमस्वरूपी झाले. धाराशिव शहरापासून हे खंडपीठ सुमारे अडीचशे किलोमीटरवर आहे, तर अवघ्या पासष्ट-सत्तर किलोमीटरवरचे सोलापूर दुसऱ्याच वाटेने, म्हणजे पूर्वी मुंबईला आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या फिरत्या खंडपीठाला जोडलेले आहे. तुळजापूर किंवा उमरग्याच्या माणसाचा बाजार, दवाखाना आणि कॉलेज सोलापुरात असले, तरी अपिलाचा वकील त्याला छत्रपती संभाजीनगरातच शोधावा लागतो.

अपिलाची शिडी सोपी आहे. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, म्हणजे तालुक्याच्या ठिकाणी बसणारे फौजदारी न्यायाधीश, जास्तीत जास्त तीन वर्षांची आणि मुख्य न्यायदंडाधिकारी सात वर्षांपर्यंतची कैद देऊ शकतात; त्यांच्या निकालाविरुद्धचे अपील सत्र न्यायालयात चालते. सत्र न्यायाधीशांनी चालवलेल्या खटल्याचे, तसेच सात वर्षांहून अधिक कैद झालेल्या कोणत्याही खटल्याचे अपील थेट उच्च न्यायालयात जाते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने १९७३ च्या प्रक्रिया संहितेतील ही रचना जवळजवळ तशीच ठेवली असून जुने कलम ३७४ आता ४१५ झाले आहे. उच्च न्यायालयात अपील करण्यास साठ दिवस आणि सत्र न्यायालयात करण्यास तीस दिवस मिळतात. फाशीच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात जाण्यासही तीसच दिवस असतात, पण तेथे उच्च न्यायालयाच्या मंजुरीशिवाय शिक्षा अमलात येत नसल्याने प्रकरण आपोआप वर जाते. दंडाधिकाऱ्याने दिलेली शिक्षा सत्र न्यायालयाने कायम केली तर दुसरे अपील नसते, केवळ पुनरीक्षण असते, म्हणजे खालच्या निर्णयात कायद्याची किंवा रीतीची चूक झाली आहे काय एवढेच पाहण्याची मर्यादित तपासणी. अशा पुनरीक्षणात पुरावा पुन्हा तोलला जात नसल्याने वकिलाच्या हाती बोलण्यासारखे पुष्कळदा शिक्षेचे प्रमाण एवढेच राहते. सर्वोच्च न्यायालयातही असेच घडते: विशेष अनुमती याचिकेवर नोटीस निघताना ती अनेकदा ‘फक्त शिक्षेच्या प्रश्नापुरती’ निघते, आणि त्या क्षणी दोषसिद्धीचा वाद संपून मुदतीचा वाद एकटा उरतो.

ही शिडी चढण्यासाठी पहिली वस्तू लागते ती निकालपत्राची नक्कल, आणि त्या साध्या वस्तूचा कायदा महाराष्ट्रातील एका खटल्यातून घडला आहे. विद्यापीठाच्या बनावट पदव्या तयार करण्याच्या प्रयत्नाबद्दल होस्कोट नावाच्या प्राध्यापकाला सत्र न्यायालयाने ‘कोर्ट उठेपर्यंत’ साधी कैद आणि दंड अशी शिक्षा दिली होती. त्यात त्या दिवशीचे कामकाज संपेपर्यंत न्यायालयात बसून राहण्यापलीकडे काही नसते. ही शिक्षा अपुरी आहे म्हणून राज्य सरकार उच्च न्यायालयात गेले आणि १९७३ मध्ये उच्च न्यायालयाने ती वाढवून तीन वर्षे सक्तमजुरी केली. त्याविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयात पोहोचली ती चार वर्षांहून अधिक उशिराने, आणि उशिराचे कारण असे सांगितले गेले की निकालाची प्रत कैद्याच्या हाती आलीच नाही. तुरुंग प्रशासनाचे म्हणणे मात्र प्रत दिली होती असे होते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७८ मध्ये दिलेल्या निकालात याचिका फेटाळली, सुशिक्षितांच्या गुन्ह्याला मिळालेल्या नाममात्र शिक्षेबद्दल नापसंती व्यक्त केली, आणि त्याच निकालात असेही ठरवले की कैदेची शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत विनामूल्य व वेळेत मिळणे, त्याची पोच नोंदवली जाणे आणि वकील करण्याची ऐपत नसल्यास सरकारी खर्चाने वकील मिळणे हा राज्यघटनेच्या कलम २१ खालील जीवित-स्वातंत्र्याच्या हक्काचा भाग आहे. ज्याने हा हक्क मिळवून दिला त्याला स्वतःला त्याचा उपयोग झाला नाही. कायद्याच्या इतिहासात असे अनेकदा घडते.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा असून तो १९९५ मध्ये अमलात आला. त्यानुसार कोठडीत असलेल्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो, आणि तुरुंगातील कैद्याला अपील अर्ज तुरुंग अधीक्षकामार्फत पाठवण्याची मुभा प्रक्रिया संहितेतच आहे. कागदावर यात उणे काही नाही. तरीही तुरुंगातून आलेल्या अपिलाची वाट लांब असते: जिल्हा कारागृहातून शिक्षाबंदी, म्हणजे शिक्षा लागलेला कैदी, मोठ्या मुदतीसाठी मध्यवर्ती कारागृहात हलवला जातो, खटल्याचे कागद वकिलाकडे किंवा नातेवाइकांकडे राहतात, साक्षी मराठीत नोंदलेल्या असतात आणि उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते, त्यामुळे भाषांतरित कागदांचा संच तयार होईपर्यंत सुनावणी पुढे सरकत नाही. जिल्ह्यातील पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात. त्या सहा महिन्यांत वकिलाच्या फोनला उत्तर देणारे किंवा जामीनदार उभा करणारे घरी कोणी नसते.

अपिलाचा हक्क सगळ्यांना सारखा नाही, हेही येथेच नोंदवले पाहिजे. सत्र न्यायालयाने दिलेली तीन महिन्यांपर्यंतची कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंतचा दंड ही क्षुल्लक शिक्षा मानून तिच्यावर अपीलच ठेवलेले नाही. ज्याने गुन्हा कबूल केला त्याला दोषसिद्धीविरुद्ध बोलता येत नाही, पण शिक्षेचे प्रमाण आणि तिची वैधता यांविरुद्ध तो अपील करू शकतो. म्हणजे शुद्ध स्वरूपातले मुदतीचे अपील कायद्याने राखून ठेवले आहे ते कबुली देणाऱ्यासाठी. अशी अपिले क्वचितच दिसतात. याचे कारण उघड आहे: कबुली देणारा बहुधा ‘लवकर सुटशील’ या आश्वासनावर कबुली देतो, आणि लवकर सुटला नाही तर त्याच्याकडे पुन्हा वकील करण्याचे बळ उरलेले नसते.

मुदतीच्या अपिलाचे खरे दुबळेपण मोजमापाच्या प्रश्नात आहे. भारतीय कायद्यात बहुतेक गुन्ह्यांना कमाल शिक्षा सांगितलेली असते, काहींना किमान, आणि त्या दोहोंमधील अंतर न्यायाधीशाच्या विवेकावर सोडलेले असते. हेतूविना घडलेल्या सदोष मनुष्यवधाला दहा वर्षांपर्यंत कैद असे म्हटले की दोन वर्षेही त्यात बसतात आणि नऊही. इंग्लंडमध्ये २०१० पासून शिक्षा परिषद प्रत्येक गुन्ह्यासाठी प्रारंभबिंदू आणि वाढ-घट करणाऱ्या बाबी लेखी ठरवून देते, त्यामुळे तेथे अपिलात ‘प्रारंभबिंदू चुकीचा धरला’ असे नेमके बोट ठेवता येते. भारतात न्यायमूर्ती मलिमठ समितीने २००३ मध्ये अशी मार्गदर्शक तत्त्वे तयार करण्याची शिफारस केली होती, सर्वोच्च न्यायालयानेही त्यांच्या अभावाकडे एकाहून अधिक निकालांत लक्ष वेधले, पण २०२३ च्या तिन्ही नव्या फौजदारी संहितांमध्येही ती आली नाहीत. परिणामी अपिलात ‘शिक्षा जास्त आहे’ असे म्हणताना ती कशाच्या तुलनेत जास्त आहे हे सांगता येत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी १९७३ च्या संहितेने कलम २३५(२) मध्ये एक चांगली तरतूद आणली होती. दोषी ठरवल्यानंतर न्यायाधीशाने थांबावे, शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकावे आणि मगच शिक्षा द्यावी, असे ते कलम सांगते. नव्या संहितेत ते २५८(२) आहे. संता सिंग खटल्यात १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या सुनावणीचा अर्थ व्यापक लावला: केवळ चार शब्द बोलू देणे पुरेसे नाही, आरोपीची पार्श्वभूमी, शिक्षण, घरची स्थिती, सुधारण्याची शक्यता यांविषयी कागद आणि पुरावा मांडण्याची संधी द्यायला हवी. ती दिली गेली नव्हती म्हणून ते प्रकरण परत पाठवण्यात आले. लगेच पुढच्या वर्षी मराठवाड्यातूनच दुसरे प्रकरण आले. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात घडलेल्या हत्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की शिक्षेवरची सुनावणी झाली नाही म्हणून प्रत्येक वेळी प्रकरण खाली पाठवण्याची गरज नाही. ती उणीव वरचे न्यायालय स्वतः आरोपीला ऐकून भरून काढू शकते, मात्र ती सुनावणी खरी आणि परिणामकारक असली पाहिजे.

मानवत निकालाने वेळ वाचवला यात शंका नाही. त्या निकालाचा हेतूही टीकेस पात्र नाही. पण जी माहिती जिल्ह्यात, गावात, शाळेच्या दाखल्यात आणि ग्रामपंचायतीच्या नोंदीत असते, ती अडीचशे किंवा पाचशे किलोमीटरवरच्या न्यायालयात गोळा होत नाही. आणि वरच्या न्यायालयात दुरुस्ती होऊ शकते हे कळल्यावर खालच्या न्यायालयातली सुनावणी औपचारिक होत गेली. दोषसिद्धी जाहीर होते, आरोपीला पिंजऱ्यातच शिक्षेबद्दल विचारले जाते, तो ‘घरात म्हातारे आईवडील आहेत, लहान लेकरं आहेत, कमावणारा मी एकटाच आहे’ एवढे सांगतो, सरकारी वकील जास्तीत जास्त शिक्षा मागतात, आणि पुष्कळदा त्याच दिवशी शिक्षेचा आदेश होतो. निकालपत्राच्या साठ-सत्तर पानांत शिक्षेची कारणे एखाद्या पानात मावतात. अपिलाचा वकील पुढे जे काही मांडू शकेल ते याच एका पानावर आधारलेले असते. आरोपी कोणत्या परिस्थितीत वाढला, तो पूर्वी कधी कोणाच्या वाटेला गेला होता का, घटनेनंतर जखमीच्या उपचाराचा खर्च त्याने केला का, भावकीतल्या वादात समेट झाला आहे का, यांपैकी काहीच अभिलेखावर नसते. म्हणून मुदतीचे अपील जिंकले किंवा हरले जाते ते खंडपीठात कमी आणि खटल्याच्या शेवटच्या अर्ध्या तासात जास्त. फाशीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने २०२२ नंतर परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याचा, तुरुंगातील वर्तनाचा आणि मानसशास्त्रीय तपासणीचा अहवाल मागवण्याचा आग्रह धरला आहे. पण जिल्ह्यात रोज लागणाऱ्या दोन, पाच, सात वर्षांच्या शिक्षांना हा लाभ मिळत नाही. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली असा अहवाल मागवता येतो. त्याचा उपयोग मात्र क्वचित होतो.

मोजमाप नसले की त्याची जागा दुसरे काहीतरी घेते, आणि येथे ती काळाने घेतली आहे. अपील दाखल झाले की शिक्षेला स्थगिती आणि जामीन मागता येतो. अपील लवकर ऐकता येणार नसेल तर आरोपीला आत ठेवणे अन्याय ठरेल असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये कश्मीरा सिंग प्रकरणात म्हटले, आणि ठरावीक मुदतीच्या शिक्षेत स्थगिती उदारपणे द्यावी असेही पुढे सांगितले. स्थगिती मिळालेला माणूस गावी येतो, शेती करतो, मुलांची लग्ने लावतो, आणि दहा-पंधरा वर्षांनी अपील सुनावणीला निघते. तेव्हा न्यायालयापुढे उभा असतो तो साठीचा, दुखण्यांनी गांजलेला माणूस. घटनेच्या वेळचा तरुण त्याच्यात कोणाला दिसत नाही. मग आदेश येतो तो ‘भोगलेली शिक्षा पुरेशी’ असा, म्हणजे दोषसिद्धी कायम राहते पण अटकेपासून जामिनापर्यंत जितके दिवस तुरुंगात गेले तितकीच शिक्षा मानून त्याला सोडले जाते. लाच घेतल्याच्या जुन्या सापळा प्रकरणांत, बांधाच्या भांडणातील मारहाणीत आणि जुन्या कौटुंबिक छळाच्या खटल्यांत हा आदेश इतका रूढ झाला आहे की वकील त्याच्याकडे डोळे लावूनच अपील चालवतात. व्यक्तिशः त्या म्हाताऱ्याला पुन्हा आत न पाठवणे माणुसकीचे आहे. तत्त्व म्हणून मात्र ही पद्धत डळमळीत आहे, कारण एकाच भांडणातल्या दोन आरोपींपैकी ज्याला जामीनदार महिनाभरात मिळाला त्याची शिक्षा एक महिन्याची ठरते आणि ज्याला दोन वर्षे मिळाला नाही त्याची दोन वर्षांची. येथे गुन्ह्याचे वजन कोणी केलेले नसते. जामीनदाराच्या सातबाऱ्याचे वजन मात्र आपोआप झालेले असते.

याच्या उलट टोकाला, ज्याला जामीन मिळत नाही आणि शिक्षा लहान आहे, त्याचे अपील ऐकले जाण्याआधीच शिक्षा संपते. अशा अपिलात मुदतीचा प्रश्न निरर्थक होतो आणि सुटून आलेला माणूस पुढे अपील चालवण्याच्या फंदात पडत नाही.

मुदत वाढते ती केवळ मूळ आकड्याने असे नाही. एकाच खटल्यात तीन कलमांखाली तीन शिक्षा झाल्या, तर त्या एकत्र भोगायच्या की एकामागून एक, यावर खरी मुदत ठरते, आणि न्यायालयाने ‘एकत्र’ असे लिहिले नाही तर जुन्या संहितेनुसार त्या एकामागून एकच धरल्या जात. वेगवेगळ्या खटल्यांतील शिक्षांनाही हाच नियम आहे. उत्तर प्रदेशातील वीजसाहित्याच्या चोरीच्या नऊ खटल्यांत प्रत्येकी दोन वर्षे झालेल्या एका माणसाची मुदत अशाच रीतीने अठरा वर्षांवर गेली होती. उच्च न्यायालयाने दाद दिली नाही आणि डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या शिक्षा एकत्र भोगण्याचा आदेश दिला. नव्या संहितेने एका खटल्यातील एकामागून एक शिक्षांची कमाल मर्यादा चौदा वर्षांवरून वीस वर्षे केली आहे, त्यामुळे अपिलात हा मुद्दा पूर्वीपेक्षा अधिक काळजीने पाहावा लागेल. त्याशिवाय दंड न भरल्यास भोगायची जादा कैद असते. पाच-दहा हजारांच्या दंडासाठी तीन-सहा महिने आत राहणारे कैदी आहेत, आणि अपिलाच्या मसुद्यात या जादा कैदेविरुद्ध एक ओळही नसते. निकालापूर्वी कच्चा कैदी म्हणून घालवलेले दिवस मुदतीतून वजा होतात हे निदान आता सर्वमान्य आहे. मात्र एकाच वेळी दोन गुन्ह्यांत अटक असलेल्याची ही वजाबाकी चुकली तर ती दुरुस्त करून घ्यायला पुन्हा न्यायालयातच जावे लागते.

जन्मठेपेची मुदत किती हा प्रश्नही महाराष्ट्राने फार पूर्वी विचारला आहे. गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसे यांनी माफीचे दिवस धरून आपली वीस वर्षे पूर्ण झाल्याचा दावा केला, आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप म्हणजे उरलेले संपूर्ण आयुष्य, वीस वर्षे हा केवळ हिशेबासाठी धरलेला आकडा, असे स्पष्ट केले. सुटका हा सरकारच्या माफीच्या अधिकाराचा भाग, कैद्याचा हक्क नव्हे. १९७८ पासून खून व तत्सम गुन्ह्यांत चौदा वर्षे प्रत्यक्ष भोगल्याशिवाय ही माफी देता येत नाही. चौदा वर्षे आणि फाशी यांच्यामधली पोकळी फार मोठी आहे असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्वामी श्रद्धानंद प्रकरणात तिसरा मार्ग काढला: वीस, पंचवीस, तीस वर्षे माफीविना कैद. श्रीहरन प्रकरणात २०१५ मध्ये घटनापीठाने तो बहुमताने मान्य केला, परंतु हा अधिकार उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांपुरताच ठेवला. त्यामुळे धाराशिवच्या सत्र न्यायाधीशांना खुनाच्या खटल्यात जन्मठेप किंवा फाशी हेच दोन पर्याय असतात, आणि वर्षांचा आकडा घालण्याचे काम अपिलातच होते. खैरलांजी हत्याकांडात नागपूर खंडपीठाने २०१० मध्ये फाशीऐवजी पंचवीस वर्षे ठरवली. पुण्यातील एका कर्मचारी तरुणीच्या हत्येतील दोघांना फाशीची अंमलबजावणी लांबल्यामुळे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पस्तीस वर्षे दिली आणि ती २०२४ मध्ये कायम झाली. पंचवीस का आणि पस्तीस का, याचे उत्तर या निकालांतून एका सूत्रात बांधता येत नाही.

अपिलात शिक्षा वाढूही शकते का, ही भीती प्रत्येक पक्षकाराच्या मनात असते. केवळ आरोपीनेच अपील केले असेल तर अपील न्यायालय शिक्षा वाढवू शकत नाही. वाढ हवी असल्यास राज्य सरकारला अपुऱ्या शिक्षेविरुद्ध स्वतंत्र अपील करावे लागते. ही तरतूद १९७३ मध्ये प्रथम आली, पूर्वी हे काम पुनरीक्षणातून होई. असे सरकारी अपील आले की आरोपीलाही त्यात उत्तरादाखल शिक्षा कमी करण्याची किंवा थेट निर्दोष सुटण्याची मागणी करता येते. सरकार न आल्यास उच्च न्यायालयाने स्वतःहून पुनरीक्षणाचा अधिकार वापरून, आरोपीला नोटीस देऊन, शिक्षा वाढवावी काय, यावर दीर्घकाळ होकारार्थी उत्तर होते, आणि १९७७ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या अन्नभेसळीच्या एका प्रकरणात तो अधिकार अबाधित असल्याचे सांगितले गेले. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील नागराजन प्रकरणात, आरोपीच्याच अपिलाची सुनावणी करताना या अधिकाराचा आधार घेऊन शिक्षा वाढवता येणार नाही असे ठरवले. अपील करणाऱ्याला त्याच्या अपिलामुळेच अधिक वाईट स्थितीत टाकू नये हा विचार त्यामागे आहे, आणि तो योग्यच आहे. इंग्लंडने हा अधिकार १९६६ मध्येच काढून टाकला होता. पीडिताला मात्र शिक्षा अपुरी म्हणून अपील करता येत नाही. २००९ च्या दुरुस्तीने त्याला निर्दोष मुक्ततेविरुद्ध, कमी गंभीर कलमाखाली झालेल्या शिक्षेविरुद्ध आणि अपुऱ्या भरपाईविरुद्ध अपील दिले, मुदतीविरुद्ध दिले नाही. ती मागणी घेऊन त्याला सरकारी वकिलाकडेच जावे लागते.

सरकारी अपिलाचा धोका किती खरा असतो हे नाशिकच्या सत्र न्यायालयात चाललेल्या एका खटल्यावरून दिसते. २००३ मधील दरोडा, हत्या आणि बलात्काराच्या या प्रकरणात भटक्या जमातीतील सहा जणांना २००६ मध्ये फाशी झाली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची फाशी कायम करून तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. शिक्षेच्या प्रश्नावर राज्य सरकार वर गेले आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. तो निकाल पुढे मागे घेऊन प्रकरण पुन्हा ऐकण्यात आले, आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्यास राज्याला सांगितले. सोळा वर्षे चाललेल्या या प्रवासात जन्मठेप की फाशी यावर तीन न्यायालयांत खल झाला, आणि मूळ ओळख पटवण्याचा पुरावाच टिकत नव्हता हे सगळ्यांत शेवटी दिसले. शिक्षेच्या वादात दोषसिद्धीचा वाद बुजून जातो तो असा.

आरोपी भटके होते हा तपशील धाराशिवसाठी गैरलागू नाही. जिल्ह्यात फासेपारधी समाजाची वस्ती मोठी आहे. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीचा शैक्षणिक प्रकल्प त्यांच्याच मुलांसाठी उभा राहिला. १८७१ पासून रुजलेला गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण त्याची जागा सराईत गुन्हेगारांच्या कायद्याने घेतली, आणि तुरुंग नियमावलींत या जमातींचा उल्लेख जन्मजात गुन्हेगारीच्या सुरात चालू राहिला. तो भेदभाव सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता प्रकरणात घटनाबाह्य ठरवला. शिक्षेच्या सुनावणीत हा वारसा ‘पूर्वीचे गुन्हे दाखल आहेत’ या एका वाक्यातून शिरतो. गुन्हा दाखल असणे आणि त्यात दोषी ठरलेले असणे यांत कायद्याने मोठे अंतर आहे, आणि वाढीव शिक्षेसाठी पूर्वीची दोषसिद्धीच सिद्ध करावी लागते. पण पोलिसांच्या यादीतील दहा प्रलंबित गुन्ह्यांची छाया शिक्षेच्या त्या एका पानावर पडल्याशिवाय राहत नाही, आणि अपिलात ती पुसायला कागद सापडत नाही.

किमान शिक्षा आली की ही सगळी चर्चाच थांबते. बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्यात २०१९ पासून सर्वांत गंभीर अत्याचाराला किमान वीस वर्षे आहेत आणि त्याखाली जाण्याचा अधिकार ना सत्र न्यायालयाला आहे, ना उच्च न्यायालयाला. बालविवाहाचे प्रमाण मोठे असलेल्या मराठवाड्यात, सतरा वर्षांच्या मुलीने पळून जाऊन केलेल्या लग्नातला नवराही या आकड्याखाली येऊ शकतो. मे २०२५ मध्ये पश्चिम बंगालमधील अशा एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या कलम १४२ खालील आपला विशेष अधिकार वापरून शिक्षा न देण्याचे ठरवले, पण तो अधिकार इतर कोणत्याही न्यायालयाला नाही. नव्या भारतीय न्याय संहितेने चोरीच्या बाबतीत दोन टोके एकत्र आणली आहेत: पाच हजारांपेक्षा कमी किमतीची पहिली चोरी, वस्तू परत केल्यास, सामाजिक सेवेच्या शिक्षेवर भागते, दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास मात्र किमान एक वर्ष सक्तमजुरी ठरलेली आहे. पहिल्या खटल्यात कबुली देऊन सुटलेल्या पारधी तरुणाला दुसऱ्या खटल्यात त्या कबुलीची किंमत मोजावी लागेल, आणि त्याच्या अपिलात वर्षाच्या आत येण्याला वाव राहणार नाही. त्याच्या वकिलाला वाद घालता येईल तो फक्त पहिली दोषसिद्धी त्याचीच होती आणि रीतसर झाली होती का, याबद्दल. म्हणजे त्या कबुलीच्या दिवशी त्याला वकील मिळाला होता का, याबद्दल.